दुसरा भाग हाती घेताना
रत्नागिरीच्या पावसाळी सुट्टीत तुम्ही जुने व्हिडिओ गेम क्रमाने खेळणार आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की एखाद्या गेमचा दुसरा भाग पहिल्यासारखाच असेल असे गृहीत धरू नका. १९८६ च्या ‘झेल्डा’ या साहसी गेममध्ये जवळजवळ सारे वरून दिसते, १९८७ च्या दुसऱ्या भागात लढाई बाजूने दिसते आणि ताकद वाढवायला शत्रू मारून अनुभवाचे गुण साठवावे लागतात. अमेरिकेत १९८८ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ तर मुळात ‘डोकी डोकी पॅनिक’ हा निराळाच जपानी गेम होता, ज्यातली मुख्य पात्रे बदलून तो मारिओचा करण्यात आला. त्यामुळे तिथे शत्रू उडीने मरत नाहीत, परड्यातला मुळा उपटावा तशी भाजी उपटून त्यांच्यावर फेकावी लागते. (मला तो पहिल्याहूनही प्रिय आहे.) सुरुवातीचा तासभर तुलना न करता केवळ नवे नियम शिकण्यात घालवा.