वावर विकायची घाई नेमकी कुणाला?

प्रश्न : मुलगा बी. एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात त्यानं तुरीसाठी द्रवरूप रायझोबियम हे जिवाणू खत बनवलं. ५ एकरांतले २ एकर विकून त्याला कंपनी काढून देतो, मग व्हेंचर कॅपिटलवाले (नव्या कंपन्यांत पैसा गुंतवणारे फंड) १ कोटी लावतील. तो मात्र एम. एस्सी.चं घेऊन बसलाय. त्याला समजवा. – एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

नमस्कार भाऊ,

पत्रभर कंपनीच आहे. मुलाचं म्हणणं एका ओळीत, तेही तक्रार म्हणून. प्रयोग दहादा फसतो तेव्हा एकदा जमतो. पण ज्याच्या प्रयोगापायी बापाचं वावर गेलं, तो पोरगा फसलेला आकडा वहीत लिहीत नाही, दडवतो. मला धास्ती याची वाटते, त्याच्या मार्कांची नाही.

आता त्या १ कोटीचं. ते बिनव्याजी कर्ज नाही आणि बक्षीसही नाही. पैशाच्या बदल्यात हिस्सा जातो : आधी कंपनीची किंमत ४ कोटी धरली, तर १ कोटीला २० टक्के. पैसे टप्प्याटप्प्यानं, ठरलेलं काम दाखवल्यावर. करारात बहुधा अट असते की कंपनी विकली तर आधी गुंतवणूकदाराची रक्कम वळती होईल. ८० लाखांना विकली, तर ८० लाख त्यांचे, तुमच्या २ एकरांचं शून्य. फंडाची मुदत साधारण १० वर्षं, तेवढ्यात त्यांना पैसा कैक पटींनी परत हवा असतो. दारव्हा-दिग्रसच्या कृषी केंद्रांत बाटल्या विकून वर्षाला १० लाख सुटले, तर तो झकास धंदा आहे. पण तो बँकेच्या कामाचा, व्हेंचर कॅपिटलवाल्यांच्या नाही.

आणि हे गुंतवणूकदार पहिला प्रश्न विचारतील : मूळ कल्चर, म्हणजे जिवाणूचं विरजण, कुणाचं? कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं असेल, तर लेखी परवान्याशिवाय पुढे बोलणं नाही. फ्लास्कमध्ये वाढलेला जिवाणू १०० लिटरच्या टाकीत तसाच वाढेल असंही नाही. हवा कमी पडते, भलतेच जंतू शिरतात.

दोन वर्षं तरी वावराला हात लावू नका. मुलाला एम. एस्सी. करू द्या, गॅट-बी, जॅम, सीयूईटी या प्रवेश परीक्षांचे रस्ते त्याला ठाऊक असतील. कल्पनेत दम निघालाच, तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे : ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, हिस्सा न देता.

तोवर २० बाटल्यांचं काम करा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप रायझोबियमच्या १ मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. मे महिन्यात १० बाटल्या टिनाच्या खोलीत आणि १० घरात माठाजवळ ठेवा. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडची एकेक बाटली उघडून, उन्हाळ्यात किती पेशी टिकल्या ते मुलाला कॉलेजात मोजू द्या. जे आकडे येतील ते त्यालाच लिहून पाठवू द्या. पुढचं पत्र त्याच्या हातचं येऊ द्या.