गावच्या इतिहासावर पोवाडा रचताना फेरफार केला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की गावावर पोवाडा लिहायचा आहे, रंग भरायला प्रसंगात थोडा फेरफार केला तर चालेल का, आणि चाल कोणती घ्यावी.

फेरफार चालत नाही. ज्यांची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहतात त्यांच्याबाबतीत तर मुळीच नाही.

मी सोलापूरचा. आजोबा जुन्या मिलमध्ये साचेखात्यात होते. १९३० च्या मे महिन्याच्या गोष्टी आमच्याकडे जेवताना निघायच्या. गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या, दारूविरोधात रूपाभवानीच्या देवळाकडे शिंदीची झाडं तोडायला लोक गेले, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेची चौकी पेटली, पोलीस मारले गेले. मग १२ मे ते ३० जून मार्शल लॉ. गांधी टोपी दिसली की शिक्षा. आजोबांची टोपी तेवढे दिवस पिठाच्या डब्यात होती, हे मी शंभरदा ऐकलंय.

त्यावर मी सहा चौकांचा, म्हणजे सहा भागांचा, पोवाडा रचला. गाणार होते थोरले मामा. असा आवाज पेठेत दुसरा नव्हता. निमित्त १२ जानेवारीचं. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. शेवटचा चौक मी असा बांधला होता (गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा):

संक्रांत आली दाराशी, गड्ड्याची चालली तयारी,
येरवड्याच्या तुरुंगात चौघे उभे फासासमोरी,
दूर राहिलं सोलापूर, दूर घराची पायरी, हो जी जी

आदल्या रात्री तालमीत मामा म्हणाले, "येरवडा काढ. आज पुतळे आहेत त्या चौकातच फाशी दे. काटा आला पाहिजे अंगावर." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "शाहीर तुळशीदासाने सिंहगडावर घोरपड चढवली, त्याला कुणी जाब विचारला?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, ते आज देतो. घोरपड काढली तरी तानाजी पडतो आणि गड येतो. इथे येरवडा काढला तर दुःखच जातं. सण दोन दिवसांवर आला असताना गावची चार पोरं गावापासून लांब, भिंतींच्या आड मारली गेली, हेच तर सांगायचं होतं. आणि मामा, तुमचा लाडका अज्ञानदास घ्या. अफझलखानाचा पोवाडा त्याने रचला तेव्हा तो प्रसंग पाहिलेली माणसं जिवंत होती. त्यांच्यासमोर उभं राहून गायचं असतं तेव्हा जीभ जपूनच चालते.

मंडळाचे कार्यकर्ते मामांच्या बाजूने झाले. वर पोलीस मारले गेल्याचं अर्धं कडवंही गाळायला लावलं, आजच्या दिवशी ते कशाला म्हणून. अहो, चौघांवर आरोप त्याच खुनांचा होता! तो गावाने कधी मानला नाही, हेसुद्धा त्याच कडव्यात होतं. ते गाळलं तर फाशी कशासाठी झाली हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

मामा गायले. टाळ्या भरपूर पडल्या. पुढच्या वर्षी माझ्या पुतणीने शाळेच्या भाषणात फाशी चौकात दिल्याचं ठणकावून सांगितलं. बाईंनी सगळ्यांसमोर चूक दाखवली. रडत घरी आली आणि मला म्हणाली, "मामाआजोबांनी तर तसंच गायलं होतं ना?" त्या दिवसापासून या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही.

तेव्हा आधी कागद बघा, जुने अंक बघा, म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोघांचंही घ्या. गावच्या बोलीतले शब्द ठेवा. आमच्याकडे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी रोज कानावर पडते. त्यांचा एक शब्दही नसलेला सोलापूरचा पोवाडा मला परका वाटतो.

तुमचा विषय तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा असेल आणि हाताशी दंतकथाच असेल, तर ती खुशाल गा. फक्त "लोक सांगती" एवढे दोन शब्द घाला. आणि तुळशीदासाला मी कमी लेखत नाही, तो पोवाडा मला अर्धा पाठ आहे.

चाल ज्याच्या गळ्यावर बसते त्यालाच विचारा. मामा आता नाहीत. त्यांचा डफ माझ्याकडे आहे आणि दर १२ जानेवारीला सहाही चौक पूर्ण होतात. येरवड्याच्या ओळीला मी डफ थांबवतो आणि झीलकऱ्यांना, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांना, सांगून ठेवलंय, तिथे झील धरायची नाही.