१७ डिसेंबरच्या आत दावा, इंजिन नंतर

म्हापशाहून एका वाचकांनी पाठवलेले पत्र सात पानांचे आहे आणि त्यांपैकी पाच पाने माझदा आरएक्स-७ गाडीच्या इंजिनाविषयी आहेत. कामाचे तेवढे उरलेल्या दोन पानांतून काढावे लागले. १९९३ सालची ही जपानी स्पोर्ट्स कार त्यांनी मुंबईच्या एका दलालाकडून घेतली. करार १८ सप्टेंबर २०२३ रोजी म्हापशात नोटरीसमोर झाला आणि गाडीचा ताबाही तिथेच मिळाला. थोडी रक्कम चेकने दिली, बरीचशी रोख. आरसी मात्र तिसऱ्याच गृहस्थांच्या नावावर आहे. परदेशातून कायमचे परत येताना त्यांनी ही गाडी सोबत आणली आणि १९९६ मध्ये तिची मुंबईत नोंदणी केली. वाचकांच्या हाती त्या गृहस्थांच्या सह्या असलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० एवढेच आहे. गाडी वेर्ण्याच्या एका गॅरेजात पूर्ण उघडून ठेवली आहे. आता गाडी नावावर कशी करावी आणि मूळ रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचे) इंजिन काढून दुसरे जपानी इंजिन बसवता येईल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांच्या भरवशावर गाडी घेऊ नये, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. अशी पत्रे दर महिन्याला येतात आणि सांगून फरक पडल्याचे दिसत नाही. आपल्या करारातील सातवे कलम तेवढे मी तीनदा वाचले. ते असे आहे: ‘विक्रेत्याने या करारापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीकृत मालकाकडून ना-हरकत दाखला व आयातीचे मूळ कागद मिळवून खरेदीदारास द्यावेत, तसे न झाल्यास खरेदीदारास गाडी आहे त्या स्थितीत परत करून पूर्ण रक्कम मागता येईल.’

हे ९० दिवस १७ डिसेंबर २०२३ रोजी संपले. करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल, तर तो पुरा करून घेण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासूनच धावू लागते, असे मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टातील अनुच्छेद ५४ सांगतो. समोरच्याने नकार कधी दिला, हा प्रश्न तारीख ठरलेली नसते तेव्हाच येतो. म्हणजे आपल्याला १७ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. ‘तो फोनवर अजून नाही म्हणालेला नाही’ हे वाक्य आपण पत्रात चार वेळा लिहिले आहे, पण त्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. विक्रेत्याने, म्हणजे त्या दलालाने, जबाबदारी मान्य करणारा लेखी आणि सही केलेला कागद मुदतीच्या आत दिला असता, तर तीन वर्षे नव्याने मोजता आली असती. आपल्याकडे आहेत ते व्हॉट्सॲपवरचे अंगठे आणि ‘हो जाएगा सर’ हे शब्द. त्यांवर विसंबून मी तरी मुदत मोजणार नाही.

आपल्या एका मित्राने ‘गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, मुदत फार लांब असते’ असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. पती-पत्नीच्या मालमत्तेच्या बाबतीत आपला नागरी संहितेचा कायदा जिवंत आहे, हे खरे. पण कराराच्या दाव्यांना संहितेतली जुनी लांब मुदत लागत नाही, १९६३ चा मुदतीचा कायदाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गोव्यातल्याच एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याला पंचवीस वर्षे झाली, तरी तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तो निवाडा अजून पोहोचलेला नाही. शिवाय ‘चवथ झाली की बघू’ म्हणणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत. चवथीनंतर दिवाळी येते, दिवाळीनंतर जुन्या गोव्याचे फेस्त येते आणि मग मंडळी १६ तारखेला संध्याकाळी कागद घेऊन दारात उभी राहतात.

आता त्याच कलमाचा उत्तरार्ध पाहा, कारण तिथे आपण स्वतःचे नुकसान स्वतःच करत आहात. पैसे परत मागण्याचा हक्क ‘गाडी आहे त्या स्थितीत’ परत करण्याशी बांधलेला आहे. आपण मात्र इंजिन उतरवले, पत्रा खरवडला, आतली सगळी वायरिंग बाहेर काढली. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ नुसार माल हाती आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही खरेदीदाराने केले, तर त्याने माल स्वीकारला असे धरले जाते. आणि एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे सामान्यतः माल परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. ही दोन्ही कलमे आपल्याला पूर्णपणे लागू होतीलच असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, कारण करारात उलट काही ठरलेले असेल तर ते आधी पाहिले जाते. पण विक्रेत्याचा वकील पहिल्या तारखेला हेच बोलेल. म्हणून गॅरेजातले काम आजच थांबवा. सुटे केलेले भाग क्रमांक घालून त्यांचे फोटो काढा आणि मेकॅनिककडून तारखेसह सही घेऊन यादी करून ठेवा.

दाव्यात मुख्य मागणी विक्रेत्याने सातवे कलम पुरे करावे अशी ठेवावी आणि पर्याय म्हणून रक्कम व भरपाई मागावी. करार प्रत्यक्ष पुरा करून घेण्याविषयीच्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी मागणी मान्य होण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरी आहे. नोंदणीकृत मालकाला प्रतिवादी करायला विसरू नका; तो हयात नसेल तर वारसांना करावे लागेल, आणि त्यांचे पत्ते शोधायलाच दोन महिने जातील. त्याच्याशी मात्र भांडणाच्या सुरात बोलू नका. अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. नाव बदलून देण्यात त्याचाही फायदा आहे, हे साध्या पत्राने कळवावे. कधीकधी दाव्याआधीच काम होते. आरटीओच्या कामांच्या ‘वाहन’ पोर्टलवरचा ओटीपी बहुधा त्याच्याच मोबाइलवर जाणार असल्यामुळे त्या कोऱ्या फॉर्मांचा त्याच्याशिवाय फारसा उपयोगही नाही. रोख रकमेविषयी इथे अधिक लिहीत नाही. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणारा आयकराच्या दंडाला पात्र ठरतो, एवढे मात्र विक्रेत्याला ठाऊक असेलच, आणि म्हणून तो ती रक्कम मिळालीच नाही असे म्हणेल.

आयातीच्या कागदाचे महत्त्व आपण ओळखलेले नाही. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद) किंवा प्रवाशाच्या सामानात, म्हणजे बॅगेजखाली, गाडी सोडवल्याचा दाखला मिळाला, तरच गाडी कोणत्या सवलतीत आली आणि तिच्यावर विक्रीबंदीची अट होती का, हे कळेल. तशी अट असली तरी एवढ्या वर्षांत तिची मुदत उलटली असावी. पहिली विक्री कधी झाली हे मात्र पाहावे लागेल. नंतरच्या खरेदीदाराला आयातदार समजून त्याच्याकडून शुल्क मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे कोचीच्या एका पोर्शे गाडीच्या प्रकरणात म्हटले आहे. तो दिलासा आपल्यापुरता आहे. गाडी जप्त होऊ शकते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि कागद पाहिल्याशिवाय मी त्याचे उत्तर देणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या उचलल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या आरसी वरवर पाहता व्यवस्थितच दिसत होत्या.

आपण पाठवलेल्या फोटोत इंजिनामागच्या पत्र्यावर ‘एफडी३एस’ ही अक्षरे आणि रेघेपुढचे चार आकडे स्वच्छ दिसतात. शेवटचे दोन करड्या प्रायमरखाली गेले आहेत. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीवर सतरा अक्षरांचा व्हीआयएन हा ओळख क्रमांक नसतो, हा असा फ्रेम क्रमांकच चासी क्रमांक असतो. आरसीच्या झेरॉक्सवरही नेमके शेवटचे आकडे पुसट आहेत. तिथला प्रायमर थिनरने हलक्या हाताने काढून घ्या, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तो मूळ आरसीशी ताडून पाहा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर तिथे लावू देऊ नका. खाडाखोड झालेला चासी क्रमांक घेऊन आरटीओत जाणे म्हणजे विस्तव पदरात घेणे.

इंजिनाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. आरसीवर १३०८ सीसी लिहिले आहे, म्हणजे दोन रोटर, प्रत्येकी ६५४. आपल्याला बसवायचे आहे ते टोयोटा सुप्रा गाडीचे सहा सिलिंडरचे २९९७ सीसीचे इंजिन. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करू देत नाही आणि जानेवारी २०१९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढिलाई ठेवलेली नाही. मला रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सीलमधले काही कळत नाही, पण तेच रोटरी इंजिन दुरुस्त करून घेतल्यास कायद्याची अडचण येत नाही. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणीची आपली कल्पनाही सोडून द्या. त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची लागते, आणि आपल्या गाडीला त्यासाठी २०४३ उजाडेल.

आरसीची मुदत २०२१ मध्येच संपलेली असताना आपण २०२३ मध्ये पैसे मोजलेत, याबद्दल काय लिहावे? वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून ८०,००० रुपये आहे. गाडी गोव्याच्या नोंदणीत आणण्यासाठीच्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याआधी नूतनीकरण करा असे मुंबईच्या आरटीओने सांगितले, तर तपासणीसाठी गाडी तिथे न्यावी लागू शकते, आणि आज ती सुट्या भागांत पडली आहे. हा खर्च दाव्याच्या भरपाईत धरा.

दावा निकाली निघायला किती वर्षे लागतील हे मी सांगणार नाही. म्हापशाच्या न्यायालयात साध्या समन्सच्या बजावणीलाही तीन-चार तारखा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणूनच दाव्यासोबत अंतरिम अर्ज करून विक्रेत्याला त्याच्याजवळचे आयातीचे कागद न्यायालयात जमा करायला लावावे. कागद हरवले असे तो पुढे म्हणालाच, तर निदान ते शपथेवर म्हणावे लागेल. नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि मूळ करार, बँकेचे उतारे व तो पेन्सिलचा ठसा घेऊन वकिलाकडे जा.