घड्याळात हार्ट रेट जास्त दाखवतंय, मला काही होणार तर नाही ना?

हा प्रश्न माझ्याकडे हल्ली खूप येतो, म्हणून एका क्लायंटचा अनुभव सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पस्तिशीचे गृहस्थ, आयटीत नोकरी, बायको घेऊन आली होती. बोलता बोलता सारखं मनगट वळवून बघायचे. दोनदा मध्यरात्री कॅज्युअल्टीत जाऊन आलेले, ईसीजी, टू डी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड सगळं नॉर्मल, तरी म्हणे "मॅडम, रिपोर्ट त्या दिवसाचा, घड्याळ आत्ताचं सांगतं ना."

विचारलं, घड्याळ कधी घेतलं? तर वडिलांचं वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात. वडील झोपेतच गेले होते आणि सकाळी चहाला उठवायला हेच गेले होते. "रात्री मला काही झालं तर हे उठवेल." यावर मी बराच वेळ काहीच बोलले नाही, त्यांना रडू दिलं.

मग घड्याळ काढून उलटं धरलं, खालचा हिरवा लाइट दाखवला. तो उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं आणि दर ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं त्यावरून मोजणी होते, पट्टा सैल असला किंवा हात हलला की आकडा चुकू शकतो. बसल्या जागी ६० ते १०० नॉर्मल, जिना चढलात तर १२०-१३० होणारच. आणि घाबरलं की अ‍ॅड्रेनालिनने ठोके वाढतात, आकडा वाढतो, तो बघून माणूस अजून घाबरतो, यांचं रोज हेच चाललं होतं. ईसीजीवालं घड्याळसुद्धा हार्ट अटॅक ओळखत नाही हे सांगितलं तेव्हा मात्र ते एकदम गप्प झाले, कारण त्याच भरवशावर तर झोपत होते.

आम्ही हार्ट रेटचा अलर्ट बंद केला, दिवसातून दोनदाच बघायचं ठरवलं, रात्री घड्याळ हॉलमध्ये चार्जिंगला. पहिल्या रात्री तीनदा उठून गेले. पुढच्या सेशनला क्लिनिकचे तीन मजले सोबत चढलो, वर उभं राहून बोटांनी नाडी धरली, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं, आणि ठोके हळूहळू खाली येताना त्यांनी स्वतः मोजले. वडिलांची हिस्टरी आहेच, म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल डॉक्टरांकडून नियमित तपासायला लावलं.

छातीत दडपण, चक्कर येऊन पडणं, बसल्या बसल्या धाप लागणं असं काही झालं तर घड्याळ काहीही दाखवो, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. ठोके अनियमित असल्याचा अलर्ट आला तरी डॉक्टरांना दाखवाच, काहींचा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, त्यातूनच सापडलाय, त्यामुळे घड्याळ फेकून द्या असं मी कुणालाच सांगत नाही.

पाचव्या सेशनला ते तासभर वडिलांबद्दलच बोलले, त्या सकाळी चहाचा कप हातात तसाच राहिला होता तेही पहिल्यांदाच सांगितलं. रात्री दोनला जाग अजून येते म्हणाले, पण उठून हॉलमध्ये जात नाहीत.