मॉडेल विमानाची मोटर मिलिंगला लावताना

मित्रा, मॉडेल विमानाची मोटर मिलिंग मशीनला (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्राला) लावायची तर पहिली गोष्ट, कटर थेट मोटरच्या शाफ्टवर बसवू नकोस. त्या बारीक बेअरिंगना पंख्याची ओढ सोसते, पण कटरचा आडवा दाब नाही. ईआर-११ कोलेटचा (कटर घट्ट पकडणाऱ्या चिमट्याचा) वेगळा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, घे, त्याला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (आडवा आणि दांड्याच्या दिशेचा, दोन्ही दाब सोसणाऱ्या) जोडी बसव आणि मोटर बाजूला ठेवून पट्ट्याने फिरव.

मोटर निवडताना वॉट बघून भुलू नकोस, केव्ही बघ (किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे तो आकडा). केव्ही गुणिले व्होल्ट म्हणजे बिनभाराचे मिनिटाचे फेरे, आरपीएम. ४०० केव्ही आणि २४ व्होल्ट असतील तर ९,६०० आरपीएम. पट्ट्याने निम्मे केले की ४,८००, आणि टॉर्क (फिरवण्याची ताकद) जवळपास दुप्पट. १,००० केव्हीची मोटर त्याच अँपिअरला जेमतेम ४० टक्के टॉर्क देते, म्हणून कमी केव्हीचीच बरी. सेन्सर नसलेला ईएससी (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारं सर्किट) अगदी हळू वेगाला अडखळतो, हे मात्र गृहीत धर.

छापील अँपिअरवर तर विश्वासच नको! ते समोरून पंख्याचा वारा मिळतो तेव्हाचे असतात. मिलवर वारा कुठला? मी निम्म्याच्या वर जात नाही, तरीही छोटा पंखा लावतो. ईएससीचा ब्रेकही बंद ठेव, नाहीतर थांबताना उलटी आलेली वीज पॉवर सप्लाय ट्रिप करते.

आणि मोटरवर झाकण हवंच! आउटरनरमधली (बाहेरचं कवच फिरतं अशा या मोटरमधली) चुंबकं लोखंडाचा कीस आत ओढून घेतात. माझी पहिली मोटर अशीच आतून घासून गेली. थ्रॉटलसाठी, म्हणजे वेग कमी-जास्त करायला, साधा सर्व्हो टेस्टर (ईएससीला वेगाचा सिग्नल देणारी छोटी डबी) पुरतो. आपत्कालीन स्विच मात्र थेट पॉवर सप्लायच्या वायरवर हवा.