गाणं कुठे आहे, विचारतोस?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

'पीटर ग्राइम्स' अर्ध्यात सोडलास आणि वर विचारतोस, यात गाणं कुठे आहे! प्रश्न रास्त आहे. आपला कान नाट्यसंगीतावर पोसलेला. संवाद थांबतो, ऑर्गन सूर देतो, पद सुरू होतं, रंगलं की वन्समोअर. बेंजामिन ब्रिटनच्या या ऑपेरात संवादच गायचे आहेत. पदाची वाट बघत बसलास तर तिन्ही अंक कोरडे जातील.

तेव्हा पूर्ण ऑपेरा तूर्त बाजूला ठेव. पहिल्या अंकातला गुत्त्याचा प्रसंग तेवढा घे. बाहेर वादळ, आत अख्खं गाव. ग्राइम्स कोळी. त्याच्या हाताखालचा पोरगा समुद्रावर मेलाय आणि गावाचा संशय त्याच्यावरच. तो दार उघडून आत येतो आणि बोलायला लागतो कशाबद्दल, तर सप्तर्षी आणि कृत्तिकांबद्दल! सुरुवातीला एकच स्वर, पुन्हा पुन्हा तोच. टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा, आवाज जिथे खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत शिरतो, नेमका त्या सांध्यावरचा. तिथे दम लपवता येत नाही. खाली तंतुवाद्यं हळूहळू उतरत राहतात, आणि गावकऱ्यांना प्रश्न पडतो की हा वेडा आहे की प्यायलेला.

हा तुकडा दोघांकडून ऐक. पीटर पीअर्स आणि जॉन व्हिकर्स. ही भूमिका पीअर्ससाठीच रचलेली. 7 जून 1945 रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये पहिल्या प्रयोगात तोच उभा होता. 1958 च्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंद खुद्द ब्रिटनच्या हाती आहे. पीअर्सचा आवाज काही जणांना कोरडा वाटतो, पण शब्द कसा लख्ख येतो बघ! त्याचा ग्राइम्स माणसांत बसूनही एकटाच असतो. व्हिकर्सचा (1978, वाद्यवृंद कॉलिन डेव्हिसच्या हाती) अंगावर येतो, त्याची भीती वाटते. मी पीअर्सच्या बाजूची. तू मात्र आधी व्हिकर्स ऐक, नाहीतर माझंच मत तुझं होऊन बसेल.

शब्द कळत नाहीत म्हणून खट्टू होऊ नकोस. माइकशिवाय, वाद्यवृंदाच्या वरून आवाज पोचवायचा, त्यात उंच स्वरावर अकार-इकार एकमेकांत मिसळतात. इंग्लिश नॅशनल ऑपेरा इंग्रजीतूनच गातो, तरी तिथे रंगमंचाच्या वर शब्द दाखवतात. संहिता हातात धरूनच ऐक, त्यात कमीपणा नाही.

मग तिसऱ्या अंकाचा शेवट. वाद्यवृंद गप्प. धुक्यात भोंगा वाजतोय, दुरून गाव त्याच्या नावाने हाका मारतंय, आणि ग्राइम्स तुटक तुटक गातोय. पुढे त्याला होडी समुद्रात नेऊन बुडवायला सांगितलं जातं, ते तर गाऊन नाहीच, साध्या बोलण्यात. इतका वेळ सगळं गाण्यात ऐकल्यावर ते साधं बोलणं कानाला कसं लागतं, ते मला लिही.

हे पचलं की जॉन ॲडम्सचा 'डॉक्टर ॲटॉमिक' (2005) हा ऑपेरा. पहिल्या अंकाच्या शेवटी अणुबॉम्बसमोर एकटा उभा शास्त्रज्ञ ओपनहायमर इंग्रजी कवी जॉन डनचं सुनीत गातो. जेराल्ड फिनलीचंच ऐक. तिथे तुला हवी तशी चालही सापडेल. दुसऱ्या अंकात समूह गीतेतलं विश्वरूपदर्शन इंग्रजीतून गातो. मला ते जरा भडक वाटतं, पण अकरावा अध्याय लहानपणापासून कानावर असल्यामुळेही तसं होत असेल. तुझा तर पाठ आहे, तुला काय वाटतं?

तुझी,
मावशी