उत्तर: ऑक्टोबरअखेर लॉन्स ओ मेडोज बघता येईल का?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून ताई-भावोजी टोरांटोला येणार, त्यांना लॉन्स ओ मेडोज, म्हणजे कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरची नॉर्स (व्हायकिंग) लोकांची जुनी वस्ती दाखवायची, आणि बुकिंगवाला सांगतोय, "उघड्यावरची जागा आहे, बारा महिने बघता येते." आम्हालाही एका ट्रॅव्हल ऑफिसने अगदी हेच ऐकवलं होतं. कृपया अजून पैसे भरू नका.

ती जागा साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडी असते. नेमक्या तारखा पार्क्स कॅनडा (अशा जागा सांभाळणारी तिथली सरकारी संस्था) दरवर्षी जाहीर करतं, त्या स्वतः बघा. आम्ही पोचलो तेव्हा सगळं बंद. सोबत सासरे होते, आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. परत आल्यावर ऑफिसचं उत्तर काय, तर "आम्ही विमान आणि हॉटेल विकलं, प्रवेश नाही." पैशांपेक्षा मला त्यांचा तो चेहरा लागला. एक फोन करून तारीख विचारणं या लोकांना इतकं जड का जातं?

आता तुम्ही म्हणाल, बाहेरून बघू. माझं मत, नका बघू. मूळ घरांचे उरलेत फक्त गवताखालचे उंचवटे. स्थानिक लोक त्यांना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची, म्हणजे तिथल्या भाषेत 'इंडियन' लोकांची, जुनी वस्ती समजत. 1960 मध्ये तिथलेच रहिवासी जॉर्ज डेकर यांनी ते नॉर्वेचे शोधक हेल्गे इंगस्टाड यांना दाखवले आणि पुढे त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन स्टीन इंगस्टाड यांनी उत्खनन केलं. समजावणारं कोणी नसेल तर तासाभरात कंटाळा येतो. खरी गोष्ट बारीकसारीक वस्तूंत आहे: लोखंड गाळल्यावर उरलेली मळी, जहाजाचे खिळे, सूत कातायच्या चातीची दगडी चकती. बटरनट नावाचे अक्रोडाच्या जातीचे दाणेही सापडले. ते झाड न्यूफाउंडलंडमध्ये उगवतच नाही, म्हणजे ही मंडळी आणखी दक्षिणेला जाऊन आली होती. तिथलं लाकूड 1021 साली तोडलेलं, हे 2021 मध्ये सिद्ध झालं. 993 च्या सौरवादळाची खूण झाडाच्या वलयात सापडली आणि तिथून झाडाच्या बाहेरच्या सालीपर्यंतची वलयं (वर्षाला एक) मोजली, बस्स.

ताईंना एवढं मात्र आधी सांगून ठेवा की हे नांदतं गाव नव्हतं. जहाजं दुरुस्त करायची, हिवाळा काढायचा आणि पुढे निघायचं, असा तो तळ होता. नांदती वस्ती ग्रीनलंडमध्ये. ती वसवणाऱ्या एरिक द रेडच्या मागे आइसलंडहून 25 जहाजं निघाली आणि 14 पोचली, असं जुन्या नोंदी सांगतात. तिथे लोक चारशेहून जास्त वर्षं राहिले. तिथल्याच ह्वाल्सीच्या चर्चमधल्या 1408 च्या लग्नाची लेखी नोंद आहे. मूठभर माणसांच्या त्या वस्तीला इतक्या लांब दुसरं गाव पोसणं परवडणारच नव्हतं, असं मला वाटतं. मी अभ्यासक नाही, पण नकाशे बघितले की हेच पटतं. आणि भावोजींना कुणी "व्हिनलंडचा नकाशा" (व्हिनलंड म्हणजे नॉर्स लोकांनी अमेरिकेच्या किनाऱ्याला दिलेलं नाव) पाठवला तर तो बनावट आहे. येल विद्यापीठाने 2021 मध्ये तसं जाहीर केलंय. शाईत विसाव्या शतकात वापरात आलेलं टायटॅनियमचं संयुग निघालं.

जमलं तर त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलवा, भाच्यांची शाळा उघडायच्या आत. नशीब असेल तर किनाऱ्यावरून हिमनगही दिसतात. उतरा डिअर लेकच्या विमानतळावर. सेंट जॉन्सला नको, तिथून रस्त्याने हजारावर किलोमीटर पडतात. भाड्याची गाडी विमानाच्या तिकिटाआधी ठरवा, उन्हाळ्यात मिळत नाही. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, मूस (प्रचंड मोठी हरणं) थेट रस्त्यावर येतात.